बॉब रे: दोन पक्ष, दोन सभागृहं आणि ओंटारियोची पाच वर्षं

२०१२ च्या वसंतात कॅनडाच्या संसदेत मोठं मजेशीर चित्र होतं. विरोधी पक्षनेत्याच्या जागी न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे एनडीपीचे, टॉम मल्केर बसत होते. हे गृहस्थ काही वर्षांपूर्वी क्वेबेक प्रांताच्या लिबरल सरकारात पर्यावरणमंत्री होते. तिसऱ्या क्रमांकावर फेकल्या गेलेल्या लिबरल पक्षाचं हंगामी नेतृत्व बॉब रे करत होते, आणि हे रे ओंटारियो प्रांतात चक्क एनडीपीचे मुख्यमंत्री राहिलेले. म्हणजे एनडीपीचा नेता माजी लिबरल आणि लिबरलांचा नेता माजी एनडीपीवाला.

आपल्याकडच्या वाचकाला पक्षांतराचं नवल उरलेलं नाही. पण इथे कुणी रातोरात आमदार घेऊन हॉटेलात मुक्काम ठोकलेला नव्हता. मल्केर यांची गोष्ट वेगळी आणि थोडी सरळ आहे. रे यांची गोष्ट मात्र नीट उलगडून पाहिली, तर कॅनडाचं राजकारण चालतं कसं हे बरंचसं कळून जातं. केंद्र आणि प्रांत यांचं नातं, अल्पमतातली सरकारं, कमी मतांत मिळणारं बहुमत, पक्षनेत्याची निवड, सगळं या एका माणसाच्या वाट्याला आलं. आणि त्याच्या जोडीला एक ओझंही आलं. ते त्यांच्या पाठीवरून शेवटपर्यंत उतरलं नाही.

आधी थोडी मांडणी समजून घेऊ. कॅनडात दहा प्रांत आणि तीन प्रदेश आहेत. १८६७ च्या राज्यघटनेनं कामांची वाटणी केली. संरक्षण, चलन, फौजदारी कायदा, परराष्ट्र व्यवहार केंद्राकडे. रुग्णालयं, शाळा, नगरपालिका, जमीन-जंगल-खाणी आणि बहुतेक कामगार कायदे प्रांतांकडे. प्रांताच्या प्रमुखाला तिकडे प्रीमियर म्हणतात. आपण मुख्यमंत्री म्हणू. प्रांतांना विधान परिषद नसते, एकच सभागृह. ओंटारियोचं सभागृह टोरंटोत आहे आणि ज्या बागेत ते उभं आहे तिच्यावरून सगळे त्याला ‘क्वीन्स पार्क’ म्हणतात. देशातली एक तृतीयांशाहून जास्त माणसं या एका प्रांतात राहतात. त्यामुळे ओंटारियोचा मुख्यमंत्री हा तोलामोलाचा माणूस.

आणि तरीही त्याला पंतप्रधानपद मिळत नाही. आपल्याकडे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई पंतप्रधान झाले, पुढे नरसिंह राव, देवेगौडा, नरेंद्र मोदी, सगळे मुख्यमंत्रिपदावरून वर गेलेले. कॅनडात प्रांताचा मुख्यमंत्री राहिलेला माणूस पंतप्रधान झाला तो शेवटचा १८९६ साली: नोव्हा स्कोशियाचे चार्ल्स टपर. तेही जेमतेम दहा आठवडे. त्यानंतर एकही नाही. मुख्यमंत्र्याला आपल्या प्रांतासाठी बाकीच्यांशी भांडावं लागतं, आणि ते भांडण बाकीचे प्रांत विसरत नाहीत. शिवाय क्वेबेकमुळे राष्ट्रीय नेत्याला फ्रेंच यावं लागतं. रे यांना फ्रेंच उत्तम येत होतं. त्यांची अडचण दुसरीच होती.

बॉब रे यांचा जन्म १९४८ चा, ओटावातला. वडील सॉल रे मुत्सद्दी, त्यामुळे बालपणाचा काही काळ वॉशिंग्टन आणि जिनिव्हात गेला. टोरंटो विद्यापीठात शिकताना मायकल इग्नॅटिएफ नावाचा एक मित्र त्यांच्याच खोलीत राहायचा. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १९६८ मध्ये पिएर ट्रूडो लिबरल पक्षाचं नेतेपद लढवत होते तेव्हा एकोणीस वर्षांच्या रे यांनी त्यांच्यासाठी कार्यकर्ता म्हणून काम केलं. मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, लंडनमधल्या गरीब वस्तीत थोडं काम, तिथून डावीकडे वळण, परत येऊन कायद्याची पदवी आणि पोलाद कामगारांच्या संघटनेसाठी वकिली. १९७८ च्या ऑक्टोबरात टोरंटोतल्या ब्रॉडव्ह्यू मतदारसंघातून पोटनिवडणूक जिंकून ते एनडीपीचे खासदार झाले. वय तीस.

एनडीपी हा कामगार संघटनांच्या पाठबळावर उभा असलेला डावा पक्ष. केंद्रात कधी सत्तेवर न आलेला, पण सरकारं अल्पमतात असली की भाव खाणारा.

अशीच वेळ वर्षभरात आली. १९७९ च्या मे महिन्यात प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे जो क्लार्क निवडून आले, पण २८२ पैकी १३६ जागांवर. बहुमताला सहा कमी. क्लार्क यांनी ठरवलं की बहुमत असल्यासारखंच राज्य करायचं. डिसेंबरात अर्थमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी अर्थसंकल्प मांडला आणि पेट्रोलवर गॅलनमागे १८ सेंट कर लावला. निवडणुकीत करकपातीचं आश्वासन देऊन आलेलं हे सरकार.

आता इथली पद्धत बघण्यासारखी आहे. अर्थसंकल्पाच्या ठरावावर मुख्य विरोधी पक्ष दुरुस्ती सुचवतो. मग तिसरा पक्ष त्या दुरुस्तीवर आणखी एक उपदुरुस्ती सुचवतो. मतदान उलट्या क्रमानं होतं: सगळ्यात शेवटी आलेली उपदुरुस्ती सगळ्यात आधी मताला टाकतात. एनडीपीच्या बाजूनं अर्थविषयक प्रवक्ता होता हा एकतीस वर्षांचा बॉब रे. सरकारनं व्याजदर आणि कर कमी करण्याचं वचन मोडलं म्हणून हे सभागृह त्याचा निषेध करतं, अशा आशयाची उपदुरुस्ती त्यांनी मांडली. नेहमीप्रमाणे ती पडली असती तर आज कुणाच्या लक्षातही नसती.

१३ डिसेंबरच्या रात्री लिबरलांनी आजारी खासदारांनासुद्धा सभागृहात आणून बसवलं. क्लार्क यांच्या परराष्ट्रमंत्री फ्लोरा मॅकडोनल्ड त्या वेळी युरोपात होत्या, परत यायला सवड मिळाली नाही. क्वेबेकमधल्या सोशल क्रेडिट या छोट्या पक्षाचे पाच खासदार तटस्थ राहिले. मोजणी झाली: १३९ विरुद्ध १३३. सरकार पडलं. आपल्याकडे १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मतानं पडलं तेव्हा जशी बोटं मोजली गेली, तशीच तिकडे मोजली गेली. क्लार्क यांना आकडेमोड जमली नाही ही टीका त्यांना जन्मभर चिकटली.

या मतदानाचे परिणाम दूरवर गेले. पिएर ट्रूडोंनी तीन आठवड्यांपूर्वीच नेतेपद सोडत असल्याचं जाहीर केलं होतं. निवडणूक लागताच ते परतले, फेब्रुवारी १९८० मध्ये बहुमतानं जिंकले, आणि १९८२ मध्ये राज्यघटना ब्रिटनकडून कॅनडात आणून तिला मूलभूत हक्कांची सनद जोडली. ही सनद कुणामुळे आली, याचं श्रेय रे यांना कुणी देत नाही आणि देऊही नये. पण ट्रूडोंना परतीचं दार उघडलं ते रे यांच्या त्या उपदुरुस्तीनं.

केंद्र सोडून प्रांतात

१९८२ मध्ये रे यांनी एक निर्णय घेतला. आपल्याकडे तो उलटा वाटेल. केंद्रातली चांगली चाललेली खासदारकी सोडून ते ओंटारियो एनडीपीचे नेते झाले. इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर फिरते. लिबरल पक्षाचं केंद्रात आणि ओंटारियोत आडनाव एक असलं तरी चुली वेगळ्या आहेत: सदस्यत्व वेगळं, पैसा वेगळा, नेता वेगळा. एनडीपीचं तसं नाही. ओंटारियोत त्या पक्षाचे सदस्य झालात की केंद्रीय पक्षाचेही सदस्य होता. त्यामुळे प्रांतात एनडीपीनं काही केलं की त्याची किंमत दिल्लीत, म्हणजे ओटावात, मोजावी लागते.

नेता झाले तरी सभागृहात जागा हवी. पक्षाचे ज्येष्ठ माजी नेते डोनाल्ड मॅकडोनल्ड यांनी आपली यॉर्क साउथची जागा रिकामी करून दिली आणि रे तिथून पोटनिवडणुकीत आले.

ओंटारियोत तेव्हा १९४३ पासून सलग कॉन्झर्व्हेटिव्हांचं राज्य होतं. बेचाळीस वर्षं. १९८५ च्या मे महिन्यात निकाल लागला तो असा: १२५ पैकी कॉन्झर्व्हेटिव्ह ५२, लिबरल ४८, एनडीपी २५. मुख्यमंत्री फ्रँक मिलर सगळ्यात मोठ्या पक्षाचे नेते म्हणून खुर्चीवर कायम. किल्ली रे यांच्या हाती.

आपल्याकडे अशा वेळी काय झालं असतं ते सांगायला नको. खातेवाटपावर आठवडा, उपमुख्यमंत्रिपदावर दुसरा आठवडा. रे यांनी लिबरल नेते डेव्हिड पीटरसन यांच्याबरोबर चक्क एक लेखी करार केला आणि त्यात एकही मंत्रिपद नव्हतं. दोन वर्षं एनडीपीनं सरकार पाडायचं नाही, दोन वर्षं पीटरसन यांनी निवडणूक लावायची नाही, आणि त्या काळात ठरलेल्या यादीतले कायदे करायचे. समान मोलाच्या कामाला स्त्रियांना समान वेतन. भाडेकरूंना संरक्षण. डॉक्टरांनी सरकारी विम्याच्या दरावर रुग्णाकडून वरचे पैसे घेण्याला बंदी. या शेवटच्या कायद्यावरून १९८६ मध्ये डॉक्टरांनी तीन आठवड्यांहून जास्त संप केला, पण कायदा झाला.

माझ्या मते रे यांच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात चोख काम. आणि त्याचं फळ? दोन वर्षं संपताच, १९८७ च्या निवडणुकीत पीटरसन यांना १३० पैकी ९५ जागा, एनडीपीला १९. लोकांना कायदे आवडले. कायद्यांसाठी सरकारवर दबाव कुणी ठेवला हे आठवत बसायला त्यांना वेळ नव्हता. बाहेरून पाठिंबा देणाऱ्या पक्षाचं नशीब सगळीकडे सारखंच. फक्त कॉन्झर्व्हेटिव्ह १६ वर घसरल्यामुळे रे विरोधी पक्षनेते झाले. त्याच पदावर असताना, १९८९ मध्ये, उत्तर ओंटारियोत टेमागामीच्या जुन्या जंगलातून लाकूडतोडीसाठी रस्ता काढण्याविरुद्धच्या आंदोलनात ते रस्ता अडवून बसले आणि पोलिसांनी त्यांना अटक केली. वर्षभरानं तेच पोलीस ज्याच्या सरकारच्या हाताखाली आले तो मुख्यमंत्री हाच.

३७.६ टक्के

१९९० मध्ये पीटरसन यांनी मुदतीच्या बरंच आधी निवडणूक लावली. हातात प्रचंड बहुमत असताना घाई कशाला, असा प्रश्न लोकांना पडला आणि त्याचं उत्तर त्यांनी मतपेटीत दिलं. ६ सप्टेंबर १९९० ला एनडीपीला ७४ जागा मिळाल्या. पीटरसन स्वतःच्या मतदारसंघातही हरले. मतं मात्र एनडीपीला फक्त ३७.६ टक्के. लिबरलांना ३२ च्या वर, कॉन्झर्व्हेटिव्हांना २३ च्या वर. आपल्यासारखीच पद्धत: मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. मतविभागणी झाली की असा जोरदार निकाल लागतो. पण दर आठ मतदारांतल्या पाचांनी आपल्याला मत दिलेलं नाही, ही गोष्ट सत्तेच्या पहिल्या दिवसापासून जमेला धरावी लागते. ओंटारियोत डाव्या पक्षाचं सरकार पहिल्यांदाच आलं होतं. निवडून आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी जिंकण्याची अपेक्षाच केली नव्हती, मग कारभाराची तयारी कुठून असणार?

आणि वेळ कसली! १९३० च्या दशकानंतरची सर्वांत वाईट मंदी नेमकी तेव्हाच सुरू झाली. अमेरिकेबरोबरचा मुक्त व्यापार करार १९८९ पासून लागू झाला होता, महागाई मोडण्यासाठी मध्यवर्ती बँकेनं व्याजदर चढे ठेवले होते, आणि मोटारी-पोलादावर जगणाऱ्या ओंटारियोत कारखाने एकामागून एक बंद पडत होते. जाताना आधीच्या सरकारनं शिलकीचा म्हणून दाखवलेला अर्थसंकल्प प्रत्यक्षात तुटीचा निघाला.

यात केंद्राचा वाटा समजून घेण्यासारखा आहे. गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा खर्च १९६६ पासून केंद्र आणि प्रांत निम्मा निम्मा उचलत असत. १९९० मध्ये केंद्रानं ठरवलं की ओंटारियो, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या तीन सधन प्रांतांना आमच्या वाट्यात वर्षाला पाच टक्क्यांहून जास्त वाढ मिळणार नाही. ब्रिटिश कोलंबियानं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं, ओंटारियोही त्यात उतरला. न्यायालयानं १९९१ मध्ये केंद्राच्या बाजूनं कौल दिला. मंदीत नोकऱ्या गेल्या, मदत मागणारे झपाट्यानं वाढले, आणि वाढलेला खर्च बहुतांशी एकट्या प्रांताच्या डोक्यावर आला. जीएसटीच्या भरपाईवरून आपल्याकडे राज्यं आणि केंद्र यांच्यात जी रस्सीखेच झाली ती आठवली की हे दुखणं समजायला वेळ लागत नाही.

रे यांच्या अर्थमंत्र्यांनी, फ्लॉइड लॉफ्रेन यांनी, १९९१ च्या पहिल्या अर्थसंकल्पात ९.७ अब्ज डॉलरची तूट मांडली. तुटीशी नाही, मंदीशी लढायचं, हे धोरण. टोरंटोच्या बे स्ट्रीटवरचे शेअर दलाल सूट-बूट घालून निदर्शनांना विधानसभेसमोर आले, हे त्या काळातलं एक अपूर्व दृश्य. दुसरीकडे पक्षाचं सगळ्यात लाडकं आश्वासन, मोटार विम्याचं सरकारीकरण, रे यांनी त्याच सप्टेंबरात गुंडाळलं. विमा कंपन्यांतल्या हजारो नोकऱ्या ऐन मंदीत जातील हे त्यांचं कारण. कारण पटण्यासारखं होतं. पण ज्यांनी वर्षानुवर्षं दारोदार फिरून हेच आश्वासन लोकांना दिलं होतं त्या कार्यकर्त्यांचं तोंड कडू झालं ते झालंच.

चांगलं काही झालं नाही असं नाही. सू सेंट मेरी गावातला अल्गोमा पोलाद कारखाना बुडायला आला होता. सरकारनं मध्यस्थी करून कामगारांनाच त्यात बहुतांश मालकी मिळवून दिली आणि कारखाना वाचला. संपाच्या काळात मालकानं बदली कामगार आणू नयेत असा कायदा झाला. मूलनिवासी राष्ट्रांचा स्वशासनाचा हक्क मान्य करणारा करार १९९१ मध्ये झाला. समलिंगी जोडप्यांना विवाहितांसारखे हक्क देणारं विधेयक १९९४ मध्ये आलं, पण रे यांनी पक्षादेश न काढता सदस्यांना मनाप्रमाणे मत देऊ दिलं. त्यांच्याच पक्षाच्या बारा जणांनी विरोधात मत दिलं आणि विधेयक ६८ विरुद्ध ५९ नं पडलं.

पण ओंटारियोच्या माणसाला ‘रे’ म्हटलं की यातलं काहीच आठवत नाही. त्याला आठवतात ‘रे डेज’.

१९९३ पर्यंत तूट १७ अब्जांकडे निघाली होती. पैसा वाचवणं भाग होतं. प्रांताच्या पैशावर पगार घेणारे सुमारे नऊ लाख लोक होते: कारकून, शिक्षक, परिचारिका, नगरपालिकांचे कर्मचारी. मार्ग दोन. हजारोंना घरी पाठवायचं, किंवा सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं. रे यांनी दुसरा निवडला आणि त्याला नाव दिलं ‘सामाजिक करार’. वर्षाला दोन अब्ज डॉलर वाचवायचे. कामगार संघटनांशी बोलणी फिसकटली, तेव्हा सरकारनं कायदाच केला. वर्षाला ३०,००० डॉलरपेक्षा जास्त पगार असणाऱ्यांना वर्षात बारा दिवसांपर्यंत बिनपगारी सुटी सक्तीची. त्याहून कमी पगारवाले सुटले. शाळा, कचेऱ्या त्या दिवशी कमी माणसांत चालायच्या किंवा बंद असायच्या, आणि घरी बसलेला प्रत्येक जण त्या दिवसाला मुख्यमंत्र्याच्या नावानं ओळखायचा. एखाद्या राजकारण्याचं नाव लोकांच्या दैनंदिन बोलण्यात असं रुजलेलं क्वचित सापडेल. तेही शिवी म्हणून.

कल्पना माणुसकीची होती असं मला आजही वाटतं. कुणाची नोकरी जाऊ नये म्हणून सगळ्यांनी थोडा पगार सोडायचा, यात गैर काय? गैर होतं ते वेगळंच. कामगार संघटनांनी मालकाशी बसून, भांडून केलेले पगाराचे करार या कायद्यानं एका झटक्यात उघडले आणि बदलले. आणि हे केलं कुणी, तर कामगारांच्याच पक्षानं. मालकवर्गाच्या सरकारनं असं केलं असतं तर संघटनांनी मोर्चा काढला असता आणि पुढच्या निवडणुकीत एनडीपीला मत दिलं असतं. आता मत द्यायचं कुणाला? मंत्रिमंडळातल्या कॅरन हॅसलम यांनी राजीनामा दिला. मोठ्या संघटनांनी पक्षाला मदत थांबवली.

पहिला फटका बसला तो रे यांना नाही, केंद्रातल्या एनडीपीला. सदस्यत्व एक असण्याचा हा परिणाम. १९९३ च्या ऑक्टोबरात केंद्रीय निवडणुकीत पक्ष ४० च्या वरून थेट ९ जागांवर आला. संसदेत अधिकृत पक्ष म्हणून मान्यता मिळायला १२ लागतात, तीही गेली. ओंटारियोत शून्य. ओटावातल्या ज्या खासदारांचा ‘रे डेज’शी काडीचा संबंध नव्हता ते घरी बसले.

रे यांचा नंबर ८ जून १९९५ ला लागला. माइक हॅरिस यांच्या कॉन्झर्व्हेटिव्हांना ८२ जागा, एनडीपीला १७. हॅरिस यांनी सत्तेवर येताच गरिबांच्या मदतीत २१.६ टक्के कपात केली आणि पुढे रुग्णालयं बंद केली, हजारो सरकारी नोकऱ्या कमी केल्या. रागानं घरी बसलेल्या संघटनांना बारा दिवसांची सुटी मग फार वाईट वाटली नसावी. पण राजकारणात ‘त्यापेक्षा बरे’ या गुणाला मतं मिळत नाहीत.

मधली दहा वर्षं

१९९६ मध्ये रे यांनी राजीनामा दिला आणि वकिली धरली. १९९८ मध्ये एनडीपीचं सदस्यत्व नूतनीकरण न करता सोडून दिलं. या काळात सरकारं त्यांना अवघड कामं सोपवत राहिली. त्यातलं एक काम आपल्या जवळचं आहे.

२३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान, उड्डाण १८२, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटानं समुद्रात कोसळलं. लंडन, दिल्ली करून ते मुंबईला यायचं होतं. ३२९ माणसं गेली. बहुसंख्य कॅनडाचे नागरिक होते, बरेचसे भारतीय वंशाचे. वीस वर्षांनी, मार्च २००५ मध्ये, दोन मुख्य आरोपी निर्दोष सुटले. कुटुंबांचा संताप स्वाभाविक होता. आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या हत्याकांडाला कॅनडा ‘भारताचं दुःख’ समजत आला, ही त्यांची जुनी तक्रार. सरकारनं रे यांना कुटुंबांना भेटून पुढे काय करावं हे सांगायला नेमलं. त्यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये अहवाल दिला: गुप्तहेर संस्थेनं ध्वनिमुद्रणं पुसून का टाकली, गुप्तहेर आणि पोलिस यांच्यात माहिती का अडली, धोक्याचा अंदाज कसा चुकला, याची नेमकी चौकशी व्हायला हवी. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश जॉन मेजर यांचा आयोग बसला आणि २०१० मध्ये त्यानं सरकारी यंत्रणांवर कडक ठपका ठेवला.

श्रीलंकेच्या शांतता वाटाघाटींतही संघराज्य म्हणजे काय हे दोन्ही बाजूंना समजावून सांगायला रे जात असत. त्याचं बक्षीस म्हणून २००९ मध्ये कोलंबोच्या विमानतळावरून त्यांना परत पाठवण्यात आलं.

लिबरल

२००६ मध्ये लिबरलांनी सत्ता गमावली, नेतेपद रिकामं झालं आणि रे यांनी त्यासाठी अर्ज भरला. कॅनडात पक्षांतरबंदी कायदा नाही. त्याच वर्षी डेव्हिड एमर्सन लिबरल म्हणून निवडून आले आणि दोन आठवड्यांत कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारात मंत्री झाले, खासदारकी शाबूत. रे यांच्यावर हा आरोप कुणी करू शकत नव्हतं, ते दहा वर्षं कुठल्याच सभागृहात नव्हते. तरी एनडीपीवाल्यांनी गद्दार म्हणायचं ते म्हटलंच.

नेत्याची निवड मॉन्ट्रियलच्या अधिवेशनात, प्रतिनिधींच्या मतांनी, फेऱ्याफेऱ्यांनी होणार होती. शेवटचा उमेदवार गळतो, उरलेल्यांत पुन्हा मतदान. पहिल्या फेरीत पुढे होते मायकल इग्नॅटिएफ, तेच खोलीतले मित्र. दुसरे रे. तिसरे स्टेफान डिऑन, चौथ्या जेरार्ड केनेडींच्या फक्त दोन मतं पुढे. केनेडी बाहेर पडताना डिऑन यांच्या मागे उभे राहिले आणि गणित उलटलं. रे तिसऱ्या फेरीत बाद झाले. त्यांनी आपल्या माणसांना कुणालाही मत द्यायला मोकळं सोडलं. जुन्या मित्राला हात दिला नाही. डिऑन जिंकले. इग्नॅटिएफ यांच्याविरुद्धचा आक्षेप होता की ते तीसेक वर्षं देशाबाहेर राहिले. रे यांच्याविरुद्धचा आक्षेप नेमका उलटा, की ते ओंटारियोत राहिले आणि पाच वर्षं राज्य केलं. सर्वांत जास्त खासदार असलेला प्रांत ज्याला विसरायला तयार नाही तो माणूस पक्षाला जिंकून कसा देणार, हा प्रश्न प्रत्येक प्रतिनिधीच्या मनात होता.

२००८ च्या पोटनिवडणुकीत रे टोरंटो सेंटरमधून पुन्हा खासदार झाले, तीस वर्षांनी, दुसऱ्या पक्षाकडून. डिऑन गेल्यावर इग्नॅटिएफ आले. २०११ मध्ये लिबरल ३४ जागांवर कोसळले, इग्नॅटिएफ स्वतःही हरले. आणि १०३ जागा घेऊन मुख्य विरोधी पक्ष झाला तो एनडीपी, रे यांनी सोडलेला. अशा वेळी बुडत्या पक्षाला कुणीतरी जाणता माणूस हवा होता. रे हंगामी नेते झाले, पण अट घालून: कायमच्या नेतेपदासाठी लढायचं नाही.

सभागृहात ते इतके छान बोलत होते की २०१२ पर्यंत ही अट सैल करावी अशी कुजबुज सुरू झाली. कॉन्झर्व्हेटिव्हांच्याही कानावर ती गेली असावी, कारण हंगामी नेत्याविरुद्ध त्यांनी टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या. विषय? १९९० ते १९९५. तूट, बेकारी, ओंटारियो. जूनमध्ये रे यांनी आपण लढणार नसल्याचं जाहीर केलं. एप्रिल २०१३ मध्ये पक्षानं जस्टिन ट्रूडोंना निवडलं, ज्यांच्या वडिलांसाठी रे १९६८ मध्ये राबले होते, आणि त्याच वडिलांना १९८० मध्ये नकळत परत आणलं होतं. रे त्याच वर्षी खासदारकी सोडून उत्तर ओंटारियोतल्या नऊ मूलनिवासी समाजांचे वाटाघाटीकार झाले. त्यांच्या भूमीतल्या क्रोमाइटवर खाणकंपन्यांचा डोळा होता.

नंतर जस्टिन ट्रूडोंनी त्यांना रोहिंग्यांच्या प्रश्नासाठी म्यानमारचे विशेष दूत केलं, आणि २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत कॅनडाचे राजदूत. वडील सॉल रे यांनीही १९७० च्या दशकात तेच पद सांभाळलं होतं.

ओंटारियोत एनडीपी १९९५ नंतर एकदाही सत्तेवर आलेला नाही. २०१८ मध्ये अँड्रिया होरवाथ यांच्या नेतृत्वाखाली तो जवळ आल्यासारखा वाटला, तेव्हा विरोधकांनी पुन्हा ‘रे डेज’ बाहेर काढले. मतदारांतल्या कित्येकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. एनडीपीकडे त्यावर एक तयार उत्तर होतं: बॉब रे? ते तर लिबरल आहेत.